एक ओळ खाली थांबणारी पट्टी

शालिग्राम भोपळे गेल्या चैत्रात वारला. वाचनालयात शोकसभा झाली. भाषणं करणाऱ्यांपैकी अर्ध्यांना त्याचं काम नेमकं काय होतं ते ठाऊक नव्हतं, पण आमच्या जळगाव जामोदच्या बाजूला कॉम्प्युटरपुढे बसणारा पहिला माणूस तो, असं सगळ्यांनी म्हटलं. परदेशी लोकांच्या सॉफ्टवेअरमधली चूक त्याने इथे बसून दुरुस्त केली, हेही एकाने सांगितलं. ते खरं आहे. ती दुरुस्ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण ती कशापायी करावी लागली, आणि त्यानंतर हा माणूस कॉम्प्युटर सोडून उरलेला जन्म भेंडी-वांगी का पिकवत बसला, यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी गुडघ्याचं निमित्त काढून बसून राहिले. शोकसभेत खरं बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून आता लिहिते.

महाराष्ट्र झाला त्या साली त्याचा जन्म. बाप भगवानराव, दोन एकरांत भाजीपाला लावायचा. पोरगा हुशार निघाला, अकोल्याला बी.एस्सी. झाला, मग पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकला आणि दीड वर्ष तिथल्या एका कंपनीत राहिला. तिथे कामात कोणी त्याला नाव ठेवलं नाही, पण तोंड उघडलं की हसायचे. 'मले', 'तुले' म्हटलं की शेजारच्या टेबलावरचे त्याची नक्कल करायचे. तो परत आला तेव्हा मला एकदा म्हणाला, "बाई, यंत्र बरं. ते हसत नाही." मला तेव्हा त्याची दया आली होती. आता वाटतं, सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं. माणसं हसतात म्हणून त्याने माणसांवरचा विश्वास काढून घेतला आणि सगळाच्या सगळा यंत्रावर ठेवला.

आमचं केंद्र पाणी तपासायचं. एका धर्मादाय संस्थेचं होतं, संस्था आता बंद पडली. आमच्याकडे खालच्या पट्ट्यात विहिरींचं पाणी खारं. गावोगावच्या बाटल्या यायच्या, मी त्यांतला क्षार मोजून वहीत आकडा लिहायचे. तो आकडा कॉम्प्युटरमध्ये जायचा आणि तिथून कागद छापून निघायचा: 'पिण्यास योग्य' किंवा 'अयोग्य'. तो कागद विहिरीजवळ पाटीवर चिकटवला की लोक त्याप्रमाणे वागत. त्या पट्ट्यात जन्मभर खारंच पाणी प्यायल्यामुळे जिभेला थोडाफार फरक कळत नाही. म्हणून कागदावर भिस्त.

हा कागद छापणारा प्रोग्राम शालिग्रामने लिहिला होता, आणि पुढेपुढे त्यात चांगुणा लिहायला लागली होती. चांगुणा विधवा होती. अठ्ठाविशीची असेल. एक मुलगी पदरात, सासू झुंबरबाई. वरवट बकालच्याही पुढे एक वस्ती आहे, तिथून रोज एसटीने यायची. वस्तीचं नाव लिहीत नाही, ते लोक अजून आहेत. मॅट्रिक होती, आकडे भरण्यासाठी तिला घेतलं होतं. वर्षभर तिने शालिग्रामच्या खांद्यावरून बघितलं आणि एक दिवस त्याच्या प्रोग्राममधली चूक त्याला दाखवली. तेव्हापासून त्याने तिला शिकवायला घेतलं. मनापासून शिकवलं, हे मी नाकारत नाही. ज्याची ओळ त्याची खूण, असा त्याचा नियम होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी आपलं इंग्रजी आद्याक्षर टाकायचं, त्याचं एस, तिचं सी. म्हणजे पुढे काही बिघडलं तर कोणी लिहिलं ते कळावं.

चांगुणाची एक सवय होती. कोरा कागद असो नाहीतर कोरी फाईल, पहिल्या ओळीत मधोमध 'श्री' लिहिल्याशिवाय ती पुढे जात नसे. तिच्या आईने पाटीवर लिहायला शिकवताना लावलेली सवय. मशीनमध्ये मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड बसवलं होतंच. छापायचे मराठी शब्द वेगळ्या फाईलमध्ये असत, प्रोग्रामात सगळं इंग्रजी. त्या सगळ्या इंग्रजीवर हिचं एकटं 'श्री'. शालिग्राम हसायचा. म्हणायचा, "प्रोग्राम चालाले देव लागत नाही, चांगुणा." ती म्हणायची, "चालाले नाही लागत भाऊ, सुरू कराले लागते."

आता थोडं यंत्राचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रोग्राम ज्यात लिहायचे तो एडिटर शालिग्रामने एका मासिकाबरोबर आलेल्या फ्लॉपीवरून घेतला होता. कोण्या परदेशी माणसाने लिहून फुकट वाटलेला, आणि त्याच्या पोटातला मूळ कोडही सोबत दिलेला. त्यातच डीबगर होता. डीबगर म्हणजे चूक शोधायचं साधन. प्रोग्राम एकेक ओळ चालवत न्यायचा, ज्या ओळीवर तो असेल तिच्यावर हिरवी पट्टी यायची. एखादा आकडा कुठे बिघडतो ते शोधायचं असेल तर त्याला सांगून ठेवायचं, हा आकडा बदलला की थांब. तो बरोबर त्या ओळीवर पट्टी आणून थांबायचा. निदान आमची तशी समजूत होती.

चांगुणा एकदा म्हणाली होती, "भाऊ, माह्या फाईलमधे पट्टी एक ओळ खाली थांबते."

"पट्टी चुकत नाही," तो म्हणाला. "माणूस चुकते."

ती वाद घालणारी नव्हती. तिने आपल्यापुरता मार्ग काढला. पट्टी थांबली की ती वरची ओळ वाचायची आणि तिचं काम व्हायचं. त्याने ते पाहिलं असेल, पण मनावर घेतलं नाही.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात वस्तीवर, म्हणजे चांगुणाच्याच वस्तीवर, नवी विहीर खोदली गेली. तिची बाटली चांगुणानेच एसटीत मांडीवर धरून आणली. मी तपासली. क्षार दोन हजार चारशे, आणि दोन हजारांवर गेला की पाणी अयोग्य. वहीत तसाच लिहिला, माझं अक्षर अजून त्या वहीत आहे. कागद छापून निघाला तो 'पिण्यास योग्य'. मी कागद पाहिला नाही. चांगुणाने पाहिला, पण आपल्या विहिरीचं पाणी गोड निघालं या आनंदात आकडा ती कुठे बघणार? तिने संध्याकाळी जाऊन स्वतःच्या हाताने तो पाटीवर चिकटवला. दोन महिने लोक ते पाणी प्यायले. पोटं बिघडली, पायांवर सूज आली, पंजाबराव नावाच्या म्हाताऱ्याचा मुतखडा इतका बळावला की त्याला खामगावला नेऊन भरती करावं लागलं. मग कोणीतरी पुन्हा बाटली पाठवली आणि बिंग फुटलं.

संस्थेचे अध्यक्ष किसनराव. ऐंशी एकरांचे धनी, बोलायला गोड. त्यांनी कमिटी बोलावली आणि म्हणाले, चूक कोणाची ते आजच्या आज कळालं पाहिजे. शालिग्राम म्हणाला, यंत्रालाच विचारू. त्याने सगळ्यांसमोर प्रोग्राम लावला, त्या विहिरीचा आकडा दिला आणि डीबगरला सांगितलं, आकडा बदलला की थांब. पाच माणसं वाकून पडद्याकडे बघत होती. पट्टी सरसर खाली गेली आणि थांबली. दोन हजार चारशेचे दोनशे चाळीस झाले होते. पट्टी ज्या ओळीवर होती तिच्या शेवटी सी होता.

ती ओळ चांगुणाची खरीच. शेवटचे बारीक आकडे कापून टाकणारी. शालिग्राम म्हणाला, इथेच एक शून्य जास्त कापलं गेलं असणार. कमिटीतल्या कोणाला प्रोग्राम वाचता येत नव्हता, पण हिरवी पट्टी सगळ्यांना दिसत होती.

चांगुणा दाराजवळ उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, एक डाव वरची ओळ पाहा."

वरच्या ओळीच्या शेवटी एस होता.

किसनराव हसले. "ज्यानं शिकवलं त्याच्यावरच ढकलून राह्यली का तू?"

शालिग्रामने वरची ओळ पाहिली नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटतं, त्याला पुण्याचं ते टेबल आठवलं असावं. तो एवढंच म्हणाला, "यंत्र जिथं थांबते तिथंच चूक असते." चांगुणाने माझ्याकडे बघितलं. मला प्रोग्राममधलं काही कळत नव्हतं, पण पट्टी एक ओळ खाली थांबते हे तिने शालिग्रामला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. तेवढं तरी मला सांगता आलं असतं. मी बाटल्या पुसत राहिले.

तिला त्याच दिवशी काढलं. किसनरावांनी वस्तीवर माणूस पाठवून सांगितलं की चूक करणाऱ्या बाईला संस्थेने कामावरून कमी केलं आहे. शालिग्रामने तो सगळा भाग पुसून नव्याने लिहिला आणि मग आकडा बरोबर आला. झालं, त्याची खात्रीच पटली. चूक गेली म्हणजे आपण ओळखली ती बरोबर होती, असं त्याने धरलं.

दसऱ्याला आम्ही केंद्रात पूजा करत असू. माझ्या काचेच्या नळ्यांना हळदकुंकू, कॉम्प्युटरला झेंडूचा हार. मग शकुनाचं म्हणून प्रत्येकाने थोडं काम करायचं. शालिग्राम नवीन फाईल उघडून बसला. मी सहज म्हटलं, "आज दसरा हाय. श्री लिहून सुरू कर. चांगुणा लिहे." तिचं नाव चार महिन्यांत केंद्रात कोणी घेतलं नव्हतं. त्याने 'श्री' लिहिलं. खाली पाच-सहा ओळींचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि एकेक ओळ चालवून बघू लागला.

मी पेढे वाटत होते. त्याने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. पट्टी दुसऱ्या ओळीवर असताना काम पहिल्या ओळीचं होत होतं. त्याने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मग त्याने 'श्री' पुसलं आणि चालवलं. पट्टी जागेवर आली. परत लिहिलं, पट्टी एक ओळ खाली. किती वेळा त्याने ते केलं मला माहीत नाही. शेवटी कपाटातून जुनी फ्लॉपी काढली. चांगुणाची फाईल तिच्यावर जशीच्या तशी होती. त्याने त्या विहिरीचा आकडा दिला. पट्टी चांगुणाच्या ओळीवर थांबली. त्याने वरचं 'श्री' पुसलं, पुन्हा दिला. पट्टी त्याच्या ओळीवर थांबली.

ती ओळ अशी होती. त्या साली आम्ही नवा मीटर घेतला होता, तो दहापट आकडा दाखवायचा. म्हणून शालिग्रामने घाईत एक ओळ घातली, आकड्याला दहाने भागा. ती फक्त मीटरच्या नोंदींना लागायला हवी होती. मीटरचे सेल संपले म्हणून त्या आठवड्यात वस्तीची तेवढी एक बाटली मी जुन्या पद्धतीने तपासली होती, तिलाही लागली. नव्याने लिहिताना ती अट त्याच्या हातून आपोआप नीट पडली आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "चांगुणा खरं सांगे. वरची ओळ माही होती."

मी त्याला म्हटलं, उद्याच्या पहिल्या एसटीने वस्तीवर जाऊ. तो हो म्हणाला. पण आधी किसनरावांच्या कानावर घालायला गेला. किसनरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुहं यंत्र दुरुस्त कर ना, कोण नाही म्हणते?" ते म्हणाले. "पण वस्तीवर जाऊन सांगू नको आत्ताच. चाळीस गावांत आपल्या पाट्या हाय. लोक म्हणतीन, या लोकायचा सगळाच कागद खोटा. दिवाळीनंतर अनुदानाच्या तपासणीले साहेब येऊन राह्यले. ते होऊन जाऊ दे. मंग जा."

शालिग्राम परत आला आणि त्याने यंत्र दुरुस्त करायला घेतलं.

ती दुरुस्ती काय होती ते त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही सांगेन. मशीनच्या आत प्रत्येक अक्षराचा एक क्रमांक असतो. इंग्रजी अक्षरं छोट्या क्रमांकांत मावतात, आपली मोठ्या क्रमांकांत. त्या परदेशी माणसाला आपली अक्षरं कुठून माहीत असणार? ओळी मोजणाऱ्या भागात त्याने मोठ्या क्रमांकाचं वरचं टोक सरळ कापून टाकलं होतं. 'श'चं टोक कापलं की जो क्रमांक उरायचा, तो नेमका ओळ संपल्याच्या खुणेचा होता. त्यामुळे पडद्यावर 'श्री'ची ओळ एक, आणि डीबगरच्या लेखी दोन. तिथून खालचं सगळं एकाने पुढे. टोक कापणारी ती जागा शोधायला त्याला चार दिवस लागले. दुरुस्त करायला पाच मिनिटं.

तिथे थांबायचं ना. पण तो थांबला नाही. मग त्याने आपली सगळी अक्षरं एकेक करून तपासली, क पासून ज्ञ पर्यंत. मग काने-मात्रा. मग जोडाक्षरं. प्रत्येकासाठी वेगळी फाईल, प्रत्येक फाईल तीनतीनदा चालवून. मग परदेशी माणसाला इंग्रजीत पत्र, त्याचे चार खर्डे. मी रोज विचारायचे, वस्तीवर कधी जायचं? तो म्हणायचा, एवढं होऊ द्या. मग म्हणायचा, दिवाळी होऊ द्या. मग, साहेब येऊन जाऊ द्या. मी संतापायचे आणि परत बाटल्यांकडे वळायचे. काम सुंदर झालं होतं. पण हा माणूस वीस-पंचवीस किलोमीटर जाण्यापेक्षा सोपं म्हणून ते करत होता, हे मला दिसत होतं, आणि माझ्या मते त्यालाही दिसत होतं.

तपासणीचे साहेब डिसेंबरच्या शेवटी आले, चहा पिऊन गेले. जानेवारीत परदेशातून पत्र आलं. चूक मान्य होती, दुरुस्ती घेतली होती, नव्या फ्लॉपीवर शालिग्रामचं नाव टाकणार होते. किसनरावांनी ते पत्र चौकटीत लावायला सांगितलं. शालिग्रामने ते घडी करून खिशात घातलं आणि मला म्हणाला, "चाला बाई." संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते.

वस्तीवर चांगुणाच्या दाराला कडी होती. झुंबरबाई ओट्यावर तूर निवडत होती. तिने आम्हाला ओळखलं, बसा म्हटलं नाही. शालिग्राम म्हणाला, "चांगुणाबाईले भेटाचं होतं."

"नाही ते इथं," झुंबरबाई म्हणाली. "पोरीले घेऊन गेली. बऱ्हाणपूरकडे गेली म्हणतात. मले नाही सांगितलं."

"काऊन गेली?"

झुंबरबाईने सूप खाली ठेवलं. "तिच्या हातचं पाणी कोणी घेत नव्हतं, बापा. दिवाळीनंतर पुतणीचं लग्न झालं. पंगतीत पाण्याचा जग घेऊन उठली, तं लोकायनं आपापल्या पेल्यावर हात ठेवला. पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत. ते पूर्ण पंगत फिरली आन् भरला जग घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशी गेली." मग खाली बघत म्हणाली, "मीबी त्याच पंगतीत होती."

पुढे शालिग्राम चारदा बऱ्हाणपूरला जाऊन आला. मागावर काम करणाऱ्या वस्त्यांमध्ये विचारत फिरला. ती सापडली नाही. शेवटी त्याने केंद्र सोडलं आणि बापाच्या दोन एकरांत भेंडी-वांगी लावली. आजही ती कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. तिच्या मुलीने आता चाळिशी गाठली असेल.

पण त्या दिवशी तो वस्तीवरून लगेच निघाला नाही. मारुतीच्या पारावर दहा-पंधरा माणसं बसली होती, खामगावहून बरे होऊन आलेले पंजाबरावही. हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि सांगायला लागला. अक्षरांचे क्रमांक, कापलेलं टोक, एक ओळ खाली थांबणारी पट्टी. लोक ऐकत होते, कोणाला काही उमगत नव्हतं. त्यालाही ते कळलं असावं. मध्येच थांबून तो म्हणाला, "चूक माही होती. चांगुणाबाईची नव्हती. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

पंजाबरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मंग तवा काऊन नाही सांगितलं?"

"तवा मले मालूम नव्हतं."

"मालूम कधी झालं?"

त्याला काल म्हणता आलं असतं. तिथे कोणाला काय कळणार होतं? मी त्याच्या मागेच उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, त्याने काल म्हणावं असं मला वाटलं.

"दसऱ्याले," तो म्हणाला.

पंजाबरावांनी बोटांवर दिवस मोजले. "चांगुणा तं दिवाळी होऊन पंधरा दिवसांनी गेली," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले, हिशेब लागला म्हणून म्हणाले. शालिग्रामने मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन् बाई, तुमाले?"

मलाही दसऱ्यालाच कळलं होतं. वस्तीवर यायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. एसटी रोज सकाळी साडेसातला सुटायची.